ढालीच्या पाठीपासून कियाव्हरीच्या खुर्चीपर्यंत

खुर्चीची पाठ नेमकी कुठे मोडते ते पाहिलं, की अठराव्या शतकाअखेरचं इंग्लिश फर्निचर उलगडायला लागतं. लंडनचा फर्निचर कारागीर जॉर्ज हेपलव्हाइट याचे नमुने त्याच्या पश्चात, १७८८ मध्ये, त्याच्या पत्नीने अ‍ॅलिसने छापले. त्यात खुर्चीची मापंही आहेत: समोरची रुंदी २० इंच, बैठकीची खोली १७, उंची १७, एकूण उंची साधारण ३ फूट १ इंच. त्याच्या खुर्चीची ढालीच्या आकाराची पाठ फार देखणी, पण बहुतेकदा बैठकीला टेकतच नाही. मागच्या पायांच्या वर आलेल्या टोकांवर ती तोललेली असते. माणूस रेलला की सगळा ताण त्या दोन जोडांवर. शिवाय वळणावर लाकडाचे तंतू आडवे कापले जातात, म्हणून चीर तिथेच पडते. जुनी खुर्ची घेताना आधी तिथे बोट फिरवून पाहावं.

थॉमस शेरेटनने १७९१ पासून भागाभागांनी काढलेल्या नमुन्यांत पाठ बहुतांशी चौकोनी झाली. मागचे पाय सलग वर जातात. एक आडवी पट्टी माथ्याला, दुसरी बैठकीच्या जरा वर, आणि मधल्या बारीक काठ्या या दोन पट्ट्यांत बसवलेल्या. लाकूड कमी लागतं, तरी चौकट घट्ट राहते.

इटलीत लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या कियाव्हरीत १८०७ मध्ये मार्क्विस स्तेफानो रिवारोलाच्या सांगण्यावरून जुझेप्पे गाएतानो देस्काल्झी, टोपणनाव कंपानिनो, या कारागिराने फ्रेंच एम्पायर (नेपोलियनच्या काळातल्या) धाटणीच्या खुर्च्या नव्याने घडवल्या. नमुना फ्रेंच होता, पण त्याने नक्षी उतरवली, पाय सडपातळ केले, आडव्या पट्ट्यांवर भर दिला. माझ्या मते ही वाट शेरेटनचीच आहे. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमधल्या सोनेरी खुर्च्या या कियाव्हरी खुर्चीच्याच ढोबळ नकला.

इतक्या बारीक पायात दोन दिशांच्या पट्ट्यांची कुसवं (भोकात बसणारी टोकं) एकाच उंचीवर आली, तर भोकं एकमेकांत घुसतात आणि पाय पोकळ होतो. म्हणून पायांमधल्या आधाराच्या पट्ट्या वरखाली बसवाव्या लागतात. लाकूडही सरळ तंतूंचंच हवं. तिरपा तंतू भोकापाशी फाटतो. इटालियन वास्तुरचनाकार जिओ पोंतीने याच खुर्चीवरून १९५७ मध्ये कासिना या फर्निचर कंपनीसाठी केलेली 'सुपरलेज्जेरा' अ‍ॅश लाकडाची आहे: पाय त्रिकोणी छेदाचे, १८ मिलिमीटरचे, वजन १.७ किलो.

कियाव्हरीची बैठक विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीतल्या झाडाच्या, पातळ पट्ट्यांनी थेट चौकटीवर विणतात. ती सैल पडली तर खिळे ठोकू नयेत. बारीक चौकट खिळ्याने उभी चिरते. सगळं विणकाम उसवून नव्याने विणणं हाच उपाय.