नवा अल्बम आला की आधी सेटिंग बघा

शुक्रवारी अल्बम येतो आणि दुपारपर्यंत निकाल लागलेला असतो. ‘मिक्सचा चिखल झालाय’, ‘गळा मागे पडलाय’, ‘आधीचा अल्बम कुठे आणि हा कुठे’. जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारीच येतं, त्यामुळे हे दर आठवड्याला चालतं. मत जितकं लवकर आणि जितकं कडक, तितका माणूस जाणकार, असा समज इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरचं स्वतंत्र संगीत) ऐकणाऱ्यांत पक्का बसला आहे. माझ्या मते यातली बरीच मतं बॅण्डच्या कामावर नसतात. फोनमधल्या एखाद्या बटणाने जे ऐकवलं, त्यावर ती बेतलेली असतात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ॲपल म्युझिकवर. एअरपॉड्स लावले आणि डॉल्बी ॲटमॉस ‘ऑटोमॅटिक’वर असलं, तर अल्बमचा ॲटमॉस मिक्स आपोआप वाजतो, म्हणजे आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा वाटावा अशी वाद्यांची आणि गळ्याची मांडणी. हा स्टीरिओपेक्षा वेगळा मिक्स असतो, पुष्कळदा वेगळ्याच इंजिनिअरने आणि बॅण्ड शेजारी बसलेला नसताना केलेला. त्यात भर म्हणजे ॲटमॉससाठी लाउडनेसची वरची मर्यादा -१८ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा) आहे, आणि रॉक किंवा रॅपचे स्टीरिओ मास्टर (प्रकाशनासाठीची शेवटची प्रत) सहज -८ ते -१० वर असतात. ड्रमचा ठोका बोथट वाटतो, गळा खोलीच्या पलीकडच्या टोकाला गेल्यासारखा वाटतो. मग त्या बिचाऱ्या बॅण्डच्या नावाने ‘प्रॉडक्शन कच्चं’ असा शेरा पडतो. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात म्युझिक, त्यात डॉल्बी ॲटमॉस, तिथे ‘ऑफ’. पहिलं ऐकणं स्टीरिओवर करावं, कारण छोट्या बॅण्डने वेळ आणि पैसा घातलेला असतो तो त्याच मिक्सवर. ॲटमॉस नंतर निवांत ऐका.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. स्पॉटिफायचं ‘नॉर्मल’ सेटिंग गाण्याची पातळी -१४ एलयूएफएसवर आणतं, ‘लाउड’ -११ वर, ॲपलचं साउंड चेक -१६ च्या आसपास. तेच गाणं दोन ॲपवर वाजवून ‘याचा आवाज जास्त वॉर्म’ म्हणणारे बहुतेक वेळा दोन-तीन डेसिबलचा फरक ऐकत असतात. एवढासा फरक पुष्कळदा कानाला मोठेपणा म्हणून कळत नाही. बेस भरीव वाटतो, गळा जवळ आल्यासारखा वाटतो, आणि मोठं वाजणारं ॲप जिंकतं. तुलना खरी करायची असेल तर पातळी ०.२ डेसिबलच्या आत जुळवावी लागते, आणि ते काम फोनच्या बटणाने होत नाही. त्याची एकेक पायरीच मोठी असते.

स्पॉटिफायवर आणखी एक बारकावा आहे. अल्बम सलग ओळीने वाजवला तर सगळ्या गाण्यांना मिळून एकच दुरुस्ती लागते आणि त्यांच्यातला चढउतार जपला जातो. तीच गाणी शफलवर किंवा प्लेलिस्टमध्ये आली की प्रत्येक गाणं वेगवेगळं जोखलं जातं, आणि मुद्दाम हळू ठेवलेला तुकडा शेजारच्या दणक्याच्या पातळीला येऊन बसतो. ‘सगळी गाणी एकसारखीच वाटतात’ हे मत प्लेलिस्टमध्ये ऐकून बनवलं असेल तर ते खोडून टाका आणि पहिल्या गाण्यापासून सलग ऐका. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बॅण्डचा ‘बीटा’ (ऑगस्ट २०२४) याच कारणाने अनेकांनी हुकवला असं मला वाटतं. ‘बिस्मिल्ला’ (२०१९) डोक्यावर घेतलेल्यांना हा अल्बम माणसाळलेला वाटला. मला तो आवडतो. त्याची गाणी सुटी ऐकली तर गुळगुळीत भासतात, पण ओळीने ऐकली की एकाचा उतार पुढच्याच्या चढाला जागा करून देताना ऐकू येतो.

मराठीत हाच प्रकार क्रेटेक्स आणि श्रेयसच्या ‘तांबडी चामडी’च्या वाट्याला आला. २०२४ मध्ये ते रील्सवर सुटलं आणि लगेच ‘रीलचं गाणं’ म्हणून निकालात निघालं. फोनच्या स्पीकरला साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही वाजवता येत नाही. हे गाणं हाउस, म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातलं. हाउसचा पाया असतो ५० ते १०० हर्ट्झमध्ये. म्हणजे फोनवर ऐकणाऱ्याने किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि बेस ऐकलेलेच नसतात. त्याच्यापर्यंत पोचतात फक्त शब्द आणि वरचा झांजेचा भाग. हे गाणं बऱ्या हेडफोनवर लावून बघा. मराठी अक्षरांचे आघात किकच्या मधल्या फटीत नेमके बसवले आहेत. ट, ड, क यांसारखे कठीण वर्ण तालवाद्याचं काम करतात. हाउसमध्ये हे काम एरवी सॅम्पल केलेल्या तुकड्यांकडून करून घेतात. इथे भाषेनेच ते केलं आहे, आणि म्हणून मला ते गाणं महत्त्वाचं वाटतं.

आता फॉरमॅटचा तोरा. ‘एमपी३ ऐकणाऱ्याने मत देऊ नये’ असं म्हणणाऱ्याला वाद घालून काही सांगू नये, चाचणी द्यावी. विंडोजवर फूबार२००० हा प्लेअर आणि त्याचं एबीएक्स कम्पॅरेटर फुकट मिळतं. ते कोणती फाइल वाजतेय हे न सांगता ओळखायला लावतं. विकत घेतलेली एफएलएसी (आवाजातलं काहीही न गमावता दाबलेली) फाइल घ्या आणि तिच्यातूनच स्वतः ३२० केबीपीएसचं एमपी३ बनवा. दोन वेगळ्या ठिकाणांहून फाइल आणल्या तर मास्टर वेगळा असू शकतो आणि चाचणी तिथेच बाद होते. दोन्ही फाइल रीप्लेगेनने (पातळी जुळवणाऱ्या सोयीने) स्कॅन करा आणि एबीएक्समध्ये रीप्लेगेन लावायची खूण करा. नाहीतर दणदणीत मास्टरचं एमपी३ उलगडताना शून्य डेसिबलच्या वर जाऊन फाटतं आणि त्या फाटण्यावरून फाइल ओळखू येते. मग दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा निवडा. टाळ्या, चिपळ्या, झांज असं एकदम सुरू होणारं काही त्यात हवं, कारण एमपी३ची चूक पकडायची तर ती आघाताच्या क्षणभर आधी, हलक्या फुसफुशीसारखी सापडते. लांबलेल्या सुरात ती शोधून मिळत नाही. १६ फेऱ्या करा आणि हा आकडा आधीच ठरवा. पुढे असताना थांबलं की निकालाला अर्थ राहत नाही. १६ पैकी १२ बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते. ८-९ आले तर ते नाणं उडवण्यासारखंच.

ब्लूटूथवर लॉसलेसचा, म्हणजे काहीही न गमावलेल्या आवाजाचा, आग्रह धरण्यात तर काहीच हशील नाही. आयफोन हेडफोनला एएसीमध्ये पुन्हा दाबूनच पाठवतो. ब्लूटूथवर आवाज पाठवायची दुसरी पद्धत, एलडीएसी, ९९० केबीपीएसपर्यंत जाते खरी, पण लोकलच्या गर्दीत जोडणी टिकवायची म्हणून ३३० वर उतरते.

विनाईलवाल्यांचा, म्हणजे रेकॉर्डवर ऐकणाऱ्यांचा, युक्तिवाद जरा वेगळा असतो. ते डायनॅमिक रेंजचे (डीआर, हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) आकडे दाखवतात: सीडीचा डीआर ६, रेकॉर्डचा १०, म्हणजे रेकॉर्डचं मास्टरिंग मोकळं. हा निष्कर्ष बरोबर नाही. अगदी तोच मास्टर रेकॉर्डवर कापून पुन्हा डिजिटल केला तरी मीटर तीन-चार अंक जास्त दाखवतं. कापताना आणि सुईने वाचताना फेज सरकते, बोथट केलेल्या शिखरांना पुन्हा टोकं फुटतात, आणि मीटर फसतं. ऐकायला दाब तितकाच असतो. १२ इंची रेकॉर्डच्या एका बाजूला २०-२२ मिनिटांपेक्षा जास्त भरलं की पातळी खाली आणावी लागते आणि खरखर वर येते. आणखी एक अडचण म्हणजे सुईखालच्या खोबणीचा वेग. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला ५० सेंटिमीटरच्या आसपास असतो, आत लेबलजवळ २१ पर्यंत उतरतो. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ चिरकतात. समजदार बॅण्ड तिथे हळू गाणं ठेवतो. रेकॉर्ड विकत घ्यायची ती कव्हरसाठी, बॅण्डच्या टेबलावरून घेण्यातल्या आनंदासाठी जरूर घ्यावी.

आणि कानाची खात्री बाळगणाऱ्यांनी २०२२ मधलं मोबाइल फिडेलिटीचं प्रकरण वाचावं. शुद्ध ॲनालॉग म्हणून नावाजलेल्या त्या अमेरिकी कंपनीच्या महागड्या रेकॉर्डमध्ये मध्ये एक डिजिटल टप्पा होता, आणि तो २०११ च्या सुमारापासून होता. डिजिटल ताबडतोब ओळखतो म्हणणाऱ्या कुणालाही इतकी वर्षं तो ऐकू आला नाही. रेकॉर्ड चांगल्याच वाजत होत्या, लोकांना आवडत होत्या, आणि त्या आवडण्यात काही खोटं नव्हतं. फसवणूक झाली ती लेबलवर.

‘आजकालची गाणी दोन मिनिटांची’ ही तक्रार मात्र मला अर्धी मान्य आहे. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. त्यामुळे सुरुवातीचं वाजवणं आखडतं, गळा दहाव्या सेकंदाला येतो आणि जागा मिळण्याआधीच मुखडा संपतो. हे नुकसान खरंच आहे. पण लांबी माध्यमाने ठरवणं नवं नाही. ७८च्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची १९७७ मध्ये व्हॉयेजरवरून अंतराळात गेलेली भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे, आणि तीत घाई कुठेही नाही. कमी वेळात काय साधलं ते बघावं. लांबीवरून गाणं नाकारू नये.

ज्या तोऱ्याने बॅण्डचं थेट नुकसान होतं तो म्हणजे ‘आमचा बॅण्ड’ लपवून ठेवणं, आणि लोक ऐकू लागले की ‘विकले गेले’ म्हणून सोडून देणं. दिल्लीच्या ब्लडीवुड या मेटल बॅण्डने हे भरपूर सोसलं. यूट्यूबवरच्या मेटल रूपांतरांपासून सुरुवात, २०१९ मध्ये जर्मनीतला वाकेन मेटल महोत्सव, २०२२ मध्ये स्वतःच्या बळावर ‘रक्षक’, मे २०२५ मध्ये ‘नू दिल्ली’. ढोल आणि खाली उतरवलेली गिटार एकाच पट्ट्यात आपटतात, त्या गर्दीत बासरी वर काढणं अवघड असतं. ते त्यांना या खेपेला जास्त चांगलं जमलंय. मोठ्या लेबलचा शिक्का बसला म्हणून हे नाकारणं अन्यायाचं आहे.

आकडे बघा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. दहा गाण्यांच्या अल्बममधलं प्रत्येक गाणं ९०० वर थांबलं तर ९,००० वेळा ऐकलं जाऊनही हाती शून्य. वेगवेगळे श्रोते किती हेही पाहिलं जातं, तेव्हा एकट्याने रात्रभर आवाज बंद करून गाणं लूपवर ठेवू नका. ते बनावट स्ट्रीमिंग म्हणून पकडलं गेलं तर दंड वितरकाला बसतो आणि तो बॅण्डच्या खात्यातून वळता होऊ शकतो. त्यापेक्षा दहा जणांना लिंक पाठवा. लपवलेला बॅण्ड हजाराच्या खालीच राहतो.

विकत घेणं सगळ्यांत चांगलं. बॅण्डकॅम्प ही बॅण्डकडून थेट संगीत विकत घ्यायची साइट. ती डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेते, पेमेंटचा खर्च वेगळा. ५०० रुपयांच्या अल्बमवर त्यांचे ७५. ‘बॅण्डकॅम्प फ्रायडे’ म्हणवणाऱ्या ठरावीक शुक्रवारी तेही सोडतात. भारतातून पैसे भरताना अडकलात तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची मर्यादा बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू होऊन येतं. ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ या दोन्ही खुणा चालू कराव्या लागतात, मर्यादाही शून्यावरून वर आणावी लागते. व्यवहार डॉलरमध्ये असेल तर बँकेचा चलनबदलाचा खर्च वर लागतो. आणि बॅण्डला जास्त द्यायचं असेल तर किमतीच्या रकान्यात किमान किमतीपेक्षा दहा-वीस टक्के वाढवून टाका. तो रकाना त्यासाठीच मोकळा ठेवलेला असतो. डाउनलोड करताना फॉरमॅट विचारला जातो तेव्हा एफएलएसी घ्या. त्यातून एमपी३ कधीही बनवता येतं, एमपी३मधून गेलेलं परत आणता येत नाही.