कापणीच्या सणाचा शनिवार

चर्चमधल्या कापणीच्या सणाची गोष्ट निघाली की बहुतेकांना आधी अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव आठवतो. साधा भोपळा बोलीवर चढत जायचा, घेणारा तो पुन्हा टेबलावर ठेवायचा आणि बोली नव्याने सुरू व्हायची. पंचहौद, कसबा, कॅम्प, पुण्यातल्या कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, हा विषय काढा, चेहरे खुलतात. पण सण उभा राहायचा आदल्या शनिवारी, भगिनी मंडळातल्या मावश्या-काकूंच्या हातांनी.

सकाळीच मार्केट यार्डातून निशिगंध, शेवंती, झेंडू यायचा. देठ तिरपे कापून फुले तासभर बादलीत. पाण्यात बुडणारी पाने आधी खुडायची, नाहीतर ती कुजतात आणि उपदेश संपायच्या आत फुले माना टाकतात. वेदीच्या दोन्ही अंगांना ऊस, बुंध्याशी बाजरीची कणसे. ऊस नुसता टेकवला की घसरतो; सुतळी वर आणि खाली, दोन्हीकडे हवी.

पितळी क्रूस आणि मेणबत्तीदाने चिंच-मिठाने निघत. त्याआधी गरम पाण्याने मेण काढून टाकायचे, नाहीतर चिंच खालच्या पितळापर्यंत पोचतच नाही. चिंचेचा अंश मागे राहिला तर हिरवट डाग येतात, म्हणून भरपूर पाणी आणि लगेच कोरडे फडके.

सगळ्यात जोखमीचे काम प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या पवित्र विधीच्या, वस्त्रांचे. प्याला पुसायच्या रुमालांत त्या द्राक्षारसाचा अंश असे, म्हणून त्यांचे पहिले पाणी मोरीत जात नसे, झाडाच्या मुळाशी ओतत. मग गार पाण्यात भिजवणे, हलक्या हाताने धुणे, उजेडात धरून डाग पाहणे. डाग राहिला असताना इस्त्री फिरली की तो पक्का बसतो. सुती वस्त्र दमट असतानाच इस्त्री करायची. पूर्ण वाळले तर सुरकुत्या हटत नाहीत. वेदीवरच्या चौकोनी वस्त्राची घडी उभे तीन आणि आडवे तीन भाग पडतील अशी घालायची, म्हणजे उलगडल्यावर नऊ चौकोन दिसतात. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, ते उलगडले की कडा सरळ बसल्या पाहिजेत. मंडळीत ते कोणाच्या ध्यानात येत नसे, पण बसवणारीचा जीव त्यात असे.

प्रीतिभोजनाचा, म्हणजे मंडळीच्या एकत्र पंगतीचा, अंदाज मात्र ठरलेला: दोनशे माणसांना २० किलो तांदूळ, २५ ते ३० किलो मटण. मटणाला हळद-मीठ, आले-लसूण आदल्या रात्री. रश्शात पाणी वाढवायचे ते उकळतेच. गार ओतले की उकळी मोडते आणि पंगत तासभर लांबते. भात दोन पातेल्यांत, एकात कधीच नाही. दाणा किंचित कच्चा असतानाच खालची आच ओढायची, कारण एवढ्या भाताची वाफच उरलेले काम करते. पूर्ण शिजेपर्यंत थांबले तर तळ धरतो. तरीही धरलाच, तर झारा खाली घालायचा नाही. वरचा भात अलगद दुसऱ्या पातेल्यात काढायचा, म्हणजे करपट वास पसरत नाही. हे शहाणपण कुठल्या वहीत नाही, ते सासूकडून सुनेकडे आले. ते आता लिहून ठेवायलाच हवे असे मनापासून वाटते.

रविवारी आभार मानताना 'आणि सर्व भगिनींचे' एवढ्यावर काम भागवले जाई. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या ९व्या अध्यायात टबीथा ही सत्कर्मी शिष्या वारल्यावर विधवा प्रेषित पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवतात. तिच्या गुणांची यादी त्या वाचत नाहीत, काम पुढे धरतात. आभार असे हवेत: वस्त्रे कोणी धुतली, चुलीपाशी पहाटेपासून कोण होते, भांडी कोणी घासली, नावानिशी. शाल-नारळ नंतर.

काही ठिकाणी महिला रविवारी, म्हणजे चर्चमधल्या स्त्रियांसाठी राखलेल्या रविवारी, पहिली पंगत बायकांची असे आणि तरणी मुले वाढायला असत. त्यांना आदल्या संध्याकाळीच ताकीद मिळे: भात कडेने काढायचा, रस्सा तळापासून ढवळून वाढायचा, म्हणजे शेवटच्या पानावरही मटणाचे तुकडे येतात.