गळतंय थोडंसं

दुपारी जेवण झाल्यावर रद्दीचा गठ्ठा घेऊन खाली उतरलो, तर आमच्या मारुती एट हंड्रेडच्या पोटाखाली पापडाएवढा काळा डाग. वाकलो, बोट लावलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. हे आपण सगळेच करतो. त्यातून काय कळतं देव जाणे, पण बोट लावल्याशिवाय चैन पडत नाही. हिरवट असतं तर कूलंट म्हणून पोटात गोळा आला असता. नुसतं पाणी असतं तर एसीचं म्हणून पाठ फिरवली असती. हे काळं, बुळबुळीत. इंजिन ऑईल.

वॉचमन येऊन उभा राहिलाच. "साहेब, गाडी गळतेय." गाडी गळायला लागली की अख्ख्या सोसायटीला आपल्याशी बोलायचं असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं तर ठरलेलंच आहे, "आता काढून टाका हो!" काकांची गाडी दर थोड्या वर्षांनी बदलते, आणि तिचं बॉनेट त्यांनी उघडलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

आमची २००८ ची. १५ वर्षं भरल्यावर इथे नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग केलं, ५ वर्षं वाढवून मिळाली. कंपनीने हे मॉडेल १९८३ मध्ये आणलं आणि २०१४ मध्ये बंद केलं, तरी द्वारकेच्या सिग्नलला थांबलं की एखादी एमएच १५ वाली दिसतेच, आणि दोघं ड्रायव्हर एकमेकांकडे बघून उगाच मान हलवतात.

बाबांची चेतक होती. सातपूर कॉलनीतलं घर, पुढे शहाबादी फरशी, आणि फरशीवर पायरीला लागून स्कूटर. तिच्या सायलेन्सरच्या जॉइंटमधून काळं तेल ठिबकायचं, टू-स्ट्रोकच्या गाड्यांचा हा धर्मच. बाबा फर्स्ट शिफ्टला निघून गेले की आई सडा घालायला बाहेर यायची आणि तो डाग बघून जे बोलायची ते कंपनीच्या गेटपर्यंत ऐकू गेलं असेल. मग त्यावर राख टाकायची, विटेच्या तुकड्याने घासायची. डाग फिका व्हायचा, जायचा नाही. रविवारी बाबा डालड्याचा डबा उभा कापून त्याचं पसरट ताट करायचे आणि स्कूटरखाली सरकवायचे. सोमवारी घाईत स्कूटर काढताना ते ताट पायाने उडायचं, जमलेलं तेल फरशीभर. शेवटी कोणीच कोणाला काही म्हणेना. आईची रांगोळी हळूहळू डावीकडे सरकत गेली, इतकी की नंतर ती आमच्या दारासमोर होती की शेजारच्यांच्या हे सांगणं कठीण. स्कूटर मात्र जागची हलली नाही.

असो. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी त्यावर थेंब कुठे पडलेत ते बघायचं. पण थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही, चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे मागे ओघळतं आणि भलतीकडून ठिबकतं. म्हणून गॅरेजवाल्याने आधी इंजिन डिझेलने धुतलं, मग एक चक्कर मारून आला, मग बॅटरी घेऊन आत डोकावला. "टॅपेट कव्हरचं पॅकिंग आहे सर. रबर कडक झालंय." म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं रबर. उष्णतेने ते वर्षानुवर्षं भाजतं आणि लवचिकपणा जातो. त्यात आधीच्या कोणी बोल्ट करकचून आवळले असतील तर बघायलाच नको, पॅकिंग चेपून बाहेर येतं. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पाइप चोक असला तर आतलं प्रेशर वाढून तेल मिळेल त्या फटीतून वाट काढतं. तो पाइपही त्याने काढून फुंकून दाखवला, मोकळा होता.

"क्रँकचं मागचं सील असतं तर गिअरबॉक्स उतरवावा लागला असता," तो म्हणाला. "हे किरकोळ आहे. लेव्हल बघत राहा, सवडीने या."

लेव्हल बघत राहा! मला तेवढं निमित्त पुरे होतं. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना डिपस्टिक ओढायची, जुन्या बनियनने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून ओढायची आणि दोन खुणांच्या मध्ये तेल कुठवर आहे ते उजेडाकडे धरून बघायचं. वरच्या खुणेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली. गेल्या रविवारीही तेवढंच होतं. तरी मी पुन्हा पुसून पुन्हा बघतो. बायको गॅलरीतून विचारते, "काय म्हणतेय?" मी म्हणतो, "बरी आहे."

एक मात्र सांगतो, तेल इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडून जळका वास यायला लागला तर सवड बघत बसू नये. आग लागू शकते. आमच्याकडे अजून वास नाही.

हे सगळं इतकं छान चाललं होतं. मग परवा अवकाळी आला. पार्किंगमध्ये पाणी वाहायला लागलं आणि आमच्या जागेवरून निघालेला इंद्रधनुषी तवंग सरळ गटाराच्या जाळीकडे गेला. ते गटार मागे नासर्डीला मिळतं. नासर्डी म्हणजे नंदिनी, टाकळीला गोदावरीत जाते. त्याच संगमावर समर्थांनी पाण्यात उभं राहून १२ वर्षं जप केला म्हणतात. आता तिथे पाय बुडवायचीही इच्छा होत नाही आणि त्याला एकटी माझी गाडी कारणीभूत नाही, हे मलाही कळतं. पॅकिंगची किंमत किती, तर घरच्या महिन्याच्या दुधाच्या बिलापेक्षा कमी.

सोमवारी टाकतो गाडी गॅरेजला. सोमवारी नाहीच जमलं तर बुधवारी.