कोथरूड ते कोथरूड, व्हाया औंध-पाषाण: सायकल आणि मागचा हॉर्न

पुण्यात सायकल चालवायची म्हटलं की लोक लगेच सिंहगड, खडकवासला नाहीतर कात्रजचा घाट सुचवतात. पहाटे गावाबाहेर जा, ऊन चढायच्या आत परत या. छानच आहे ते. पण ज्याला सायकलने कामावर जायचंय, भाजी आणायचीय, पोस्टात जायचंय, त्याला घाटाचा काय उपयोग? म्हणून आम्ही मुद्दाम शहरातल्या शहरात एक वेढा मारला. कोथरूडहून निघून प्रभात रस्ता, सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ, औंध, बाणेर, पाषाण, बावधन, चांदणी चौक आणि परत कोथरूड. साधारण २५ किलोमीटर. वार कामाचाच धरला आणि वेळ अशी, की पहिला अर्धा वेढा मोकळ्या रस्त्यावर व्हावा आणि उरलेला शाळा-ऑफिसच्या गर्दीत.

सोबत शेजारचे काका. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी, आणि निवृत्त होईपर्यंत कोथरूड-खडकी जाणं-येणं सायकलनेच. त्यांची काळी, बावीस इंची, कॅरियरवाली. माझी गिअरची. चढावर मी पुढे, बाकी सगळीकडे ते पुढे.

निघताना माझ्या मनात धास्ती होती ती विद्यापीठ चौकाची आणि चांदणी चौकाची. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त हॉर्न वाजले ते कॉलन्यांमधल्या गल्ल्यांत. कारण उघड आहे. मोठ्या रस्त्यावर गाडीवाल्याला माहीत असतं की आपण अडकणारच आहोत, तो निमूट बसलेला असतो. गल्लीत तो शिरतो तोच मुळी शॉर्टकट म्हणून. तिथे समोर सायकल दिसली की त्याला वाटतं, आपण शोधून काढलेली वाट हिने अडवली.

सहाच्या सुमारास निघालो. कर्वे रस्त्याने मेट्रोच्या खांबांखालून नळ स्टॉप. तिथल्या उड्डाणपुलावर सायकल चढवू नका, खालचाच रस्ता धरा. पुलाचे कठडे जवळ, वेग जास्त आणि मधेच थांबायची सोय नाही. नळ स्टॉपहून लॉ कॉलेज रस्ता आणि फिल्म इन्स्टिट्यूटच्या आसपास उजवीकडे वळून प्रभात रस्त्याच्या गल्ल्या. (इन्स्टिट्यूट जिथे उभी आहे तो प्रभात फिल्म कंपनीचाच स्टुडिओ, रस्त्याचं नाव त्यावरूनच.) लॉ कॉलेज रस्ता संध्याकाळी तुंबला की गाड्या याच गल्ल्यांमधून घुसतात. सकाळी सव्वासहाला तिथे शांतता असते. पक्षी, दूधवाला, कुत्र्याला फिरवणारे आजोबा.

आणि तेवढ्यात मागून पांढरी एसयूव्ही. गल्लीत दोन्ही बाजूंना कव्हरं घातलेल्या गाड्या, मधे जेमतेम एक कार जाईल इतकी वाट. आधी एक हॉर्न, मग दोन, मग हात दाबूनच धरलेला. काका पुढे होते. वळून बघितलंन् आणि तसेच वाटेच्या मधोमध, आहे त्याच वेगाने चालत राहिले. काच खाली झाली.

"ओ काका, बाजूला घ्या ना!"

"घेतो की. जागा आली की घेतो."

पुढे एका बंगल्याच्या फाटकासमोर मोकळी जागा होती. काका तिथे आत सरकले, हात हलवून "जा" अशी खूण केली. गाडीत मागच्या सीटवर बॅडमिंटनचं किट होतं. एवढी घाई कशाची, ते कळलं.

आता याचा हिशेब मांडते, कारण सगळी गोम यातच आहे. अशी गल्ली धरा ३०० मीटरची. सायकल ताशी १५ किलोमीटरने गेली तर ७२ सेकंद. गाडीने तीच ताशी ३० ने कापली, तर ३६. म्हणजे सायकलच्या मागे पूर्ण गल्लीभर राहिलं तरी गाडीवाल्याचं नुकसान अर्ध्या मिनिटाचं. त्या अर्ध्या मिनिटासाठी आपण उभ्या गाड्यांना चिकटून जायचं, तर धोका कोणाच्या वाट्याला? आपल्याकडे गाड्या डावीकडे लावतात आणि ड्रायव्हर उजव्या दाराने उतरतो. ते दार नेमकं सायकलच्या वाटेत उघडतं. शिवाय कडेला ड्रेनेजची झाकणं, पावसाळी गटाराच्या जाळ्या, खोदून नीट न बुजवलेले चर. जाळीच्या फटी रस्त्याला समांतर असतील तर बारीक टायर सरळ आत जातं. कडेने जाणाऱ्याला हे सगळं चुकवायला दर वीस पावलांवर उजवीकडे झोकांडी घ्यावी लागते, आणि मागचा ठोकतो तो नेमका त्या झोकांडीच्या वेळी.

तेव्हा अरुंद गल्लीत उभ्या गाड्यांपासून हातभर नाही, चांगलं मीटरभर अंतर ठेवून सरळ रेषेत चालवा. मागच्याला ओव्हरटेक करायला जागाच नसेल, तर ती आहे असं भासवू नका. अर्धवट सरकलेली सायकल म्हणजे त्याला आमंत्रण: तो आरसा घासत घुसतो. मात्र जागा आली की खरंच बाजूला व्हा. मुद्दाम अडवून धरणारा सायकलवालाही असतो, आणि त्याचा राग मागून येणाऱ्या पुढच्या सायकलवर निघतो.

दुसरं म्हणजे मागे वळून बघणं. आरसा लावा, जरूर लावा, पण मान वळवून गाडीवाल्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं की फरक पडतो. पाठ दिसत असते तोवर सायकल म्हणजे नुसता अडथळा असतो. चेहरा दिसला की बहुतेकांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघतो. सगळ्यांचा नाही. बहुतेकांचा.

भांडारकर रस्त्यावरून पुन्हा लॉ कॉलेज रस्ता, मग सेनापती बापट रस्ता, चतुःशृंगी आणि विद्यापीठ चौक. यात सांगण्यासारखं फार नाही. रुंद रस्ता, सकाळची वेळ. चौकात सिग्नलला रांगेच्या पुढे जाऊन उभे राहिलो. पुढे उभं राहिलं की सगळ्यांना दिसतो, आणि बसच्या डाव्या अंगाला अडकून पडत नाही. पुलांची आणि मेट्रोची कामं पाहता इथली वळणं आणि बॅरिकेड्स बदलत राहतात, त्यामुळे आदल्या आठवड्याच्या आठवणीवर विसंबू नका. नाहीच धीर झाला तर उतरा, पादचाऱ्यांबरोबर सायकल हातात धरून चौक ओलांडा. त्यात कमीपणा काही नाही.

औंधला मात्र रेंगाळलो. परिहार चौक, डीपी रस्ता हा भाग स्मार्ट सिटीच्या काळात नव्याने केलेला: रुंद पदपथ, झाडं, बाकं, सायकल ट्रॅक. पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हा अख्ख्या शहराचं असंच चित्र रंगवलं होतं. त्याच सुमाराला भाड्याच्या सायकलीही औंधात आणि विद्यापीठात आल्या, वर्ष-दोन वर्षं दिसल्या आणि गेल्या. ट्रॅक राहिला. त्याच्यावर आम्हाला काय काय भेटलं? लावलेल्या दुचाक्या, एका हॉटेलचा कुंड्यांचा ताफा, नारळपाण्याची गाडी, वीजखात्याचा डीपी बॉक्स आणि उलट दिशेने येणारा डिलिव्हरीवाला. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी ट्रॅक उतरतो आणि पुन्हा चढतो. काका थोडा वेळ गेले त्यावरून, मग म्हणाले, "हा लहान मुलांना शिकवायला चांगला आहे." आणि रस्त्यावर आले.

गंमत अशी की ट्रॅक असलेल्या रस्त्यावर आपण रस्त्याने गेलो की गाडीवाले जास्त चिडतात. "तिकडे ट्रॅक केलाय ना तुमच्यासाठी!" हे मला दुचाकीवरच्या एका बाईंनी ऐकवलं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ट्रॅक सलग मोकळा असेल तर वापरा. पण दर पन्नास मीटरवर त्यातून बाहेर यावं लागत असेल तर सरळ रस्ताच बरा. ट्रॅकमधून अचानक रस्त्यावर उडी मारणारी सायकल कुणालाच अपेक्षित नसते.

आयटीआय रस्त्याने बाणेरकडे निघालो तोवर आठ वाजत आले होते आणि शहराचा मूड पालटला होता. बाणेर-पाषाण लिंक रस्त्यावर खरी गाठ पडते ती टँकर आणि काँक्रीटच्या मिक्सरशी. त्यांचे ड्रायव्हर चिडखोर नसतात, उलट कारवाल्यांपेक्षा शांत. अडचण वेगळी आहे: डाव्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ तुम्ही असाल तर त्यांना उंचावरून तुम्ही दिसतच नाही. टँकर चौकात हळू झाला आणि डावीकडे फट दिसली, की कारच्या बाबतीत आपण जे करतो ते इथे अजिबात करायचं नाही. मागे थांबा. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात.

घंटीबद्दल. काच वर करून एसी लावलेल्या गाडीला सायकलची घंटी ऐकू जात नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नका. ती पादचाऱ्यांसाठी. दुचाकीवाल्याला आवाज द्यावा लागतो. "ओ दादा!" हे छातीतून आलं पाहिजे. शिव्यांचा उपयोग शून्य, त्यात निष्कारण दम जातो. कारवाल्यासाठी लुकलुकणारे दिवे, मागे लाल आणि पुढे पांढरा, दिवसासुद्धा चालू. काकांनी हे दिवे लावायला बरीच कुरकुर केली. "आम्ही डायनामोवर काढली की." पण लावले.

पाषाणहून एनडीए रस्त्याने बावधन आणि चांदणी चौक. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला स्फोटाने पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नवी रचना खुली झाली. गाड्यांची त्यामुळे सोय झाली असेल, पण सायकलवाल्याला ते रॅम्पचं जाळं चकवा लागल्यासारखं फिरवतं. एक फाटा चुकला की तुम्ही थेट मुंबई-बंगळूर महामार्गावर, ट्रकांच्या मधोमध. चौक येण्याच्या आधी थांबा, "कोथरूड" किंवा "पौड रस्ता" लिहिलेला बोर्ड नजरेने शोधा, आणि मगच निघा. चालत्या सायकलवर बोर्ड वाचत लेन बदलायची नाही. फाटा चुकलाच तर उलट दिशेने परत येण्याऐवजी कडेला उतरून चालत या.

पौड रस्त्याचा उतार म्हणजे बक्षीस, पण ब्रेकवर बोटं ठेवून. कोथरूड डेपोच्या अलीकडून आम्ही मुख्य रस्ता सोडून आतल्या कॉलन्यांमध्ये शिरलो आणि शाळांच्या वेळेत सापडलो. व्हॅन, रिक्षा, पुढे एक आणि मागे एक पोर घेतलेल्या स्कूटर, रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून डबा विसरलेल्या मुलाला हाका मारणारे बाबा. एका वळणावर एका कारने काकांना इतकं खेटून ओव्हरटेक केलं की त्यांचं हँडल हललं, आणि लगेच ती समोर आडवी घालून ब्रेक मारला. उतरला तरुण मुलगा, फोन अजून कानाला.

"दिसत नाही का? मधून काय चालवता?"

काकांनी सायकल स्टँडवर लावली. स्टँड लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात समोरच्याचा निम्मा आवाज उतरतो, हे मी तिथे पाहिलं. काका म्हणाले, "दिसतं की. तुमचा नंबरही दिसला." एवढंच. मी तोवर फुटपाथवर जाऊन फोनवर फोटो काढला होता. चहाच्या टपरीवरचे दोघे-तिघे उठून आले, मुलगा पुटपुटत गाडीत बसला आणि गेला.

इथे माझा आग्रह आहे: बॉनेटवर थाप मारू नका, आरशाला हात लावू नका, पाठलाग करू नका. गाडीला हात लागला की मूळ विषय संपतो आणि ओरखड्याचा विषय सुरू होतो. आधी रस्त्यातून बाजूला, माणसं असतील अशा जागी. मग नंबर आणि फोटो. तक्रार महाट्रॅफिक अ‍ॅपवर टाकता येते. धमकी किंवा मारहाणीची वेळ आली तर ११२. धडक बसून लागलं असेल तर "जाऊ दे, पाचशे घ्या" यावर जागच्या जागी मिटवू नका. जखमीला उपचार मिळवून देणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. आणि सायकलचा विमा नसला म्हणून भरपाई मिळत नाही असं नाही, गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो आपल्यासारख्यांसाठीच. बेदरकार गाडी चालवण्याचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली येतो. पोलीस चौकीत कुणी जुन्या दंड संहितेतलं २७९ म्हणालं तर गोंधळू नका.

वेढा मारणार असाल तर दिशा आम्ही घेतली तीच घ्या. उलट घेतलात तर कोथरूड डेपोपासून चांदणी चौकापर्यंतचा चढ सुरुवातीलाच येतो, वेग ताशी आठ-दहावर घसरतो आणि मागच्यांना तेवढा धीर नसतो. नळ स्टॉप सातच्या आत ओलांडा. खायला औंधात थांबा, बाणेरात नाही; बाणेरला थांबलात तर लिंक रस्ता ऐन गर्दीत सापडेल. आणि महापालिकेने पाणी बंद ठेवलेला वार टाळा, त्या दिवशी बाणेर-पाषाणला टँकरच टँकर असतात.