मे सारियांगची मुलं आणि त्यांची खरी थ्रामू

सलाम मंडळी! चर्चमधली तरुण पोरं हल्ली सारखं विचारतात, मावशी तुम्ही थायलंडला मिशनवर इंग्लिश शिकवायला गेला होतात ना, आम्हालाही जायचंय, कुणाशी बोलायचं, काय काय लागतं, तिकडची भाषा येत नाही तर चालेल का. एकेकाला व्हॉट्सॲपवर टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच इथे सगळं लिहिते.

मी होते मे सारियांगला. म्हणजे बँकॉक-पट्टाया नाही, अगदी उत्तर-पश्चिमेला मे होंग सोन प्रांतातलं छोटंसं गाव, चियांग माईहून घाटाघाटाने चार-पाच तास गाडीत बसायचं, आणि अजून पुढे गेलं की साल्वीन नदी, पलीकडे म्यानमार. आजूबाजूच्या डोंगरात करेन या आदिवासी लोकांच्या वाड्या आहेत, हे लोक सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतात, वाडीतली शाळा लहान वर्गांपुरतीच असते, मग पुढचं शिकायला मुलं गावात येऊन चर्चच्या होस्टेलमध्ये राहतात आणि दिवसा सरकारी शाळेत जातात. नगरच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही, आपल्याकडे मिशन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेली अख्खी पिढी आहे, माझे वडील त्यातलेच.

आणि आपलं त्यांचं नातं नुसतं बोर्डिंगपुरतं नाहीये. फेब्रुवारी 1812 मध्ये अमेरिकेत सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांवर एकाच दिवशी हात ठेवून, म्हणजे पाळकपणाची दीक्षा देऊन, त्यांना परदेशी पाठवलं. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 ला मुंबईला आले, तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं आणि 1831 मध्ये आपल्या नगरला पोचलं. त्याच पाचातला अडोनिराम जडसन ब्रह्मदेशात, म्हणजे आताच्या म्यानमारमध्ये गेला, त्या मिशनमधून 1828 ला को था ब्यू नावाच्या करेन माणसाचा बाप्तिस्मा झाला आणि सुवार्ता डोंगरात वाडी-वाडीत गेली. तिथल्या पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून मी रविवारी उपासनेत हे उभं राहून सांगितलं, तर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजींनी उठून माझे दोन्ही हात धरले, भाषा एकमेकींची येत नव्हती तरी सोडेनात. मला भरून आलं होतं.

आता शिकवण्याचं. संध्याकाळी जेवणाआधी वर्ग, पत्र्याखाली फरशीवर बसून. करेन भाषेत शब्दाच्या शेवटी व्यंजन जवळजवळ येतच नाही, त्यामुळे मुलं फाइव्ह, फाइट, फाइन सगळ्याला 'फाय'च म्हणतात. ही आणि शी मध्येही गोंधळ, कारण त्यांच्याकडे तो-ती असं वेगळं नाही. मी आयुष्यभर मराठी मीडियमच्या मुलांना इंग्लिश शिकवलं, त्यामुळे पोरगं कुठे अडकतंय ते मला ऐकल्याबरोबर कळतं, आपणही तसेच अडकत शिकलोय की! शेवटच्या आवाजाला टाळी वाजवायची असं ठरवलं. फाइ, टाळी, व्ह! खालचा ओठ दाताखाली धरून दाखवायचं. एक दहा वर्षांचा मुलगा होता, अगदी अबोल, तो झोपायच्या आधी खिडकीशी उभा राहून एकटाच टाळ्या वाजवत फाइव्ह, सिक्स, एट म्हणायचा.

पण खरं सांगू का, वर्ग चालला तो माझ्यामुळे नाही. होस्टेलमध्येच वाढलेली बारावीतली एक मुलगी होती, तिला करेन येते, थाई येते, इंग्लिश बऱ्यापैकी. मी दहा मिनिटं खाणाखुणा करून जे समजावत होते ते ती दोन वाक्यांत करेनमध्ये सांगायची आणि सगळ्या माना हलायच्या. करेनमध्ये बाईमाणूस शिक्षिका असली की थ्रामू म्हणतात. मी ठरवलं की हिलाच थ्रामू करायचं. दुपारी आम्ही दोघी बसून उद्याचा धडा तयार करायचो, फळ्यावर काय लिहायचं, कुणाला आधी विचारायचं, चुकलं तर रागवायचं नाही, सगळं. आणि संध्याकाळी ती शिकवायची, मी मागे बसायचे.

माझं ठाम मत आहे की बाहेरून जाणाऱ्याने हेच करावं. आपण येतो, गाणी-गेम्स होतात, मुलं जीव लावतात, आपण निघून जातो, मग दुसरा ग्रुप येतो आणि परत ए फॉर ॲपलपासून सुरू. मुलांना त्याचा त्रास होतो. तिथेच राहणारं माणूस तयार झालं तर ते टिकतं. हॉल साहेबांनीही आधी मराठी शिकून घेतली आणि मग शाळा काढल्या, नगरला त्याच मिशनच्या फरारबाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि त्या बघून जोतिबा फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढावीशी वाटली. आपल्याला तर याचं फळ मिळालेलं आहे.

अजून एक, आणि हे मी मनापासून सांगते. इंग्लिशचं आमिष दाखवून कुणाला प्रार्थनेला बसवायचं नाही. आमच्या वर्गात शेजारची बौद्ध घरातली मुलंही येत, वर्ग संपला की ती घरी जायची, होस्टेलची मुलं प्रार्थनेला. ती मुलं चार आवाजांत गातात हो, कुठलंही वाद्य नाही, नऊ-दहा वर्षांची पोरंसुद्धा आपापला सूर धरून. रविवारी मुलींचे ते लांब पांढरे हाती विणलेले झगे. त्यांना विश्वास शिकवायला आपली गरज नाहीये.

आता कामाचं. थायलंडमध्ये फुकट काम करायचं असलं तरी वर्क परमिट लागतं, टुरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवू नका, पकडलं तर आपल्यासोबत तिथलं चर्चही अडचणीत येतं. ज्यांच्यामार्फत जाल त्यांना व्हिसा कुठला काढणार ते आधी स्पष्ट विचारा. पोलिस क्लिअरन्स मागतील, द्यायचं, मुलांच्या सुरक्षेसाठीच आहे ते. मुलांचे फोटो फेसबुकवर टाकू नका, काहींच्या घरच्यांकडे अजून नागरिकत्वाचे कागद नाहीत. शाळा मेच्या मध्यावर सुरू होतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलात तर बरीच मुलं वाडीवर गेलेली असतात आणि मार्च-एप्रिलला शेतं-जंगलं जाळल्याचा धूर इतका असतो की दम्याच्या माणसाने जाऊच नये. जेवण भात, पालेभाजी आणि मिरचीचा झणझणीत ठेचा, त्यात आंबवलेली मासळी असते, आपल्या लोकांना जमतं.

थ्रामू आता तिकडेच शिक्षिकेचं शिकतेय. शनिवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही आठवड्याचे धडे ठरवतो, त्यांचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. तिला वाचायला सोप्या इंग्लिश गोष्टींची पुस्तकं हवी आहेत, चित्रांची, जुनी चालतील पण पानं फाटलेली नकोत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी रविवारी उपासना संपल्यावर माझ्याकडे आणून द्या, पुढच्या महिन्यात एक जण तिकडे जाणार आहे, त्याच्या बॅगेत जागा ठेवायला सांगितलंय.