अक्षतमधलं तिसरं भोक

लोणावळ्यात समुद्र नाही मग नेव्ही तिथे काय करते, हे मला प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी विचारायचंच. तर आयएनएस शिवाजी तिथे १९४५ पासून आहे, जहाजाची इंजिनं सांभाळणारी माणसं तिथे तयार होतात, आणि एनबीसीडी स्कूलही तिथेच, म्हणजे जहाजाला आग लागली, भोक पडलं, विषारी वायूचा हल्ला झाला तर काय करायचं ते शिकवणारी शाळा. नोकरीच्या शेवटी मी तिथे इन्स्ट्रक्टर होतो. हा किस्सा तिथल्या डॅमेज कंट्रोल सिम्युलेटरचा, नाव अक्षत.

सिम्युलेटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कॉम्प्युटर येतो. हे प्रकरण तसलं नाही. जहाजातले कंपार्टमेंट लोखंडात बांधलेत, बल्कहेडला, म्हणजे कंपार्टमेंटच्या भिंतीला, फाटलेली भोकं ठेवलीत, आम्ही व्हॉल्व्ह उघडला की खरं पाणी धाडकन आत येतं, वर सगळा सांगाडा जहाजासारखा डोलतो. आत पोरं, लाकडी प्लग, वेजेस म्हणजे पाचरी, हातोडे, टेकू द्यायचे वासे आणि प्रचंड आवाज. शेजारी उभ्या माणसाने ओरडलेलं ऐकू येत नाही.

त्या दिवशीची बॅच नवी होती, ओडिशात चिल्काला नेव्हीचं बेसिक ट्रेनिंग करून आलेली पोरं. पाऊस तुफान, पाणी गारठलेलं. आधी वर्गात मी नेहमीचं गणित सांगितलं होतं, की पाण्याच्या ३ मीटर खाली १० सेंटिमीटर व्यासाचं भोक असेल तर मिनिटाला साधारण २ टन पाणी आत येतं, आणि तेच भोक १ मीटरवर असेल तर सव्वा टनाच्या आसपास. म्हणजे खालचं भोक आधी. सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्गात सगळेच डोलावतात.

आत गेल्यावर काय झालं, तर डोक्याच्या उंचीवर एक मोठा फवारा होता, तोंडावर येणारा, अख्खी टीम तिकडेच धावली. माणसाचं असंच असतं, जे तोंडावर येतं ते मोठं वाटतं. त्या भोकाची धार आत वळलेली, दातेरी, त्यावर सपाट फळी बसत नाही, डब्यासारखा बॉक्स पॅच लावून वरून टेकू ठोकावा लागतो. ते त्यांनी खरंच छान केलं. मग कमरेजवळचं दुसरं भोक, त्यात निमुळता प्लग. मऊ लाकूड असतं ते, भिजलं की फुगतं आणि घट्ट बसतं. दोन्ही बंद, पंप चालू, लीडरने अंगठा दाखवला, दोघं तर हसत होते.

एवढ्यात आम्ही लाइट घालवले. इमर्जन्सी लँटर्नच्या उजेडात मला वरून एकच पोरगा वेगळं काहीतरी करताना दिसला, राजस्थानचा, बॅचमधला सगळ्यात बुटका, पाणी त्याच्या छातीपर्यंत. त्याला टेकूचा वासा धरून उभं राहायचं काम दिलं होतं आणि तो बघत होता शिडीकडे. पंप चालू असताना पाणी उतरायला हवं ना, तर शिडीची अजून एक पायरी बुडाली होती. बाकी कुणाचं लक्षच नाही. तो ओरडला, ऐकू कुणाला येणार, मग त्याने वासा शेजाऱ्याच्या हातात कोंबला आणि पायाने चाचपडत शिडीमागे गेला. तिसरं भोक तिथे होतं, पाण्याखाली, ना फवारा ना आवाज, फक्त पायाला जोर लागतो. पठ्ठ्याने बूट त्यावर दाबला, तिथूनच हातोड्याने शिडी बडवायला लागला, तेव्हा कुठे लीडर वळला. पुढे गादीची गुंडाळी, फळी, टेकू, पाणी उतरायला लागलं, आम्ही व्हॉल्व्ह बंद केले.

खरी मारामारी डीब्रीफला, म्हणजे नंतरच्या चर्चेत झाली. आमचे एक सीनियर म्हणाले मार्क कापा, टेकू धरणाऱ्याने जागा सोडायची नाही म्हणजे नाही, सरकला असता तर पॅच निघून कुणाच्या तरी अंगावर आला असता. चूक नव्हतं त्यांचं. खऱ्या जहाजात तो वासा सुटणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. पण मी म्हटलं, अहो त्याने वासा सोडला नाही, दुसऱ्याला देऊन गेला, आणि पाण्याची पातळी बघायला टीमने कुणाला ठेवलंच नव्हतं तर मार्क कापायचे ते लीडरचे कापा, बल्कहेडवर खडूने एक रेघ मारायला किती वेळ लागतो. बरीच खडाजंगी झाली. शेवटी दोघांचेही थोडे थोडे कापले, जे मला आजही पटत नाही.

त्या पोराला मार्कांचं काही पडलंच नव्हतं. त्याचा एक गमबूट शिडीमागे अडकून राहिला होता, स्टोअरमध्ये जमा करायचा होता, आणि तो थंडीने कुडकुडत विचारत होता, सर, नीचे जाऊँ क्या.