आयजीआय आता खेळवत नाही राव

व्हॉट्सॲपवर दर दोन-चार महिन्यांनी तो एक फोटो फिरत फिरत येतोच. रोड रॅश, व्हाइस सिटी, मारिओ, आयजीआय, सगळ्या जुन्या व्हिडिओ गेमचे आयकॉन एका ओळीत आणि खाली काहीतरी 'ज्यांनी हे खेळलं त्यांचंच बालपण खरं' टाईप. मग आमच्या शाळेच्या ग्रुपवरचे सगळे चाळिशीला टेकलेले गडी त्यावर बदाम टाकत सुटतात. टाका की, कोण नाही म्हणतंय. पण यातला एक तरी गेम गेल्या दहा वर्षांत कुणी परत पहिल्यापासून खेळून बघितलाय का? मी बघितले, बरेचसे, मागच्या वर्षभरात, रात्री सगळे झोपल्यावर लॅपटॉप घेऊन, आणि माझं मत असं झालंय की यातले निम्मे आज खेळायच्या लायकीचे राहिलेच नाहीत. आणि त्याचं कारण ग्राफिक्स अजिबात नाही.

ग्राफिक्सचं काय असतंय, पहिली पाच-दहा मिनिटं हसू येतं, माणसांची बोटं एकमेकांना चिकटलेली, झाडं म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, पण मग डोळा मरतो आणि तुम्ही खेळायला लागता. डोळा मरत नाही तो दुसऱ्या गोष्टीला, गेम जेव्हा तुमचा वेळ फुकट खातो ना, त्याला. तेव्हा आपल्याकडं वेळच वेळ होता आणि गेम होते मोजून तीन, त्यामुळं कळायचं नाही. आता लगेच कळतं.

आयजीआयपासूनच सुरू करतो, म्हणजे शत्रूच्या तळात एकट्यानं घुसायचा तो बंदुकीचा गेम, कारण आमच्या सांगलीत तो गेम म्हणजे जवळजवळ धर्म होता. विश्रामबागला कॉलेजच्या पोरांनी भरलेले नेट कॅफे असायचे, तिथं 'नेट' करायला कुणी जायचंच नाही, ओळीनं सगळ्या पीसीवर आयजीआय नाहीतर काउंटर स्ट्राइक. आयजीआय आला २००० च्या डिसेंबरमध्ये, बनवला नॉर्वेच्या इनरलूप नावाच्या कंपनीनं. या लोकांनी त्याच्या आधी लढाऊ विमानाचा गेम केला होता आणि त्याचंच इंजिन, म्हणजे गेम चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, इथं वापरलं, म्हणून तर आयजीआयमध्ये ते डोंगर लांबच्या लांब दिसायचे, आणि नुसते दिसायचे नाहीत तर चालत जाता यायचं. त्या काळचे बाकीचे बंदुकीचे गेम म्हणजे बोळातून बोळात, आणि इथं एकदम मोकळं रान. मला आजपण ते आवडतं, खोटं कशाला बोला. टेकडीवर झोपून दुर्बिणीतून खालचा तळ बघायचा, मग कॉम्प्युटरवर सॅटेलाइटचा नकाशा उघडायचा, कोण कुठं फिरतंय ते बघायचं आणि प्लॅन करायचा. इथपर्यंत गेम आजच्या गेमला ऐकत नाही.

पण मिशनच्या मध्ये सेव्ह नाही! एक पण नाही. मिशन अर्धा तासाचं असू दे नाहीतर पाऊण तासाचं, मेला की पहिल्यापासून, त्याच टेकडीवर, तेच चालत जायचं. आणि एवढं मोठं रान केलंय म्हणजे चालणंच किती! वर शत्रूचं डोकं म्हणजे कमाल आहे, एक गार्ड दोनशे मीटरवरून तुम्हाला बरोबर टिपतो आणि दुसरा शेजारी पडलेल्या आपल्या मित्राच्या अंगावरून निवांत गस्त घालत जातो. अलार्म वाजला की बॅरेकमधून माणसं निघतात, मारा, परत निघतात, मारा, परत निघतात, एवढ्याशा खोलीत अख्खी बटालियन कुठं ठेवली होती कळत नाही.

आता यात आमचं लोडशेडिंग धरा. २००५-०६-०७ ज्यांनी पश्चिम महाराष्ट्रात काढलेत त्यांना सांगायला नको, लाईट कधी जाणार याचं टाईमटेबल पेपरात यायचं आणि त्या टाईमटेबलच्या बाहेर पण जायची. घरी युपीएस असला तरी त्याची बॅटरी मेलेली, नुसता 'पीप पीप' करून मान टाकायचा. ओस्लोत बसून ज्यानं 'मिशनमध्ये सेव्ह नको, टेन्शन राहिलं पाहिजे' असं ठरवलं असेल त्याला सांगलीच्या लाईटचं टेन्शन काय माहीत. आम्ही मिशन सुरू करताना घड्याळ बघायचो, गेममधलं नाही, भिंतीवरचं.

हे सगळं भारी वाटायचं कारण दुसरं काही नव्हतंच. माझा भाचा आता नववीत आहे, त्याला बसवलं मी आयजीआयवर, फार कौतुकानं. पहिल्यांदा मेला तेव्हा हसला. दुसऱ्यांदा मेला तर म्हणतो, "मामा, चेकपॉइंट कुठाय?" म्हटलं नाही. "म्हणजे परत हे सगळं?" हो. माझ्याकडं असं बघितलं त्यानं, जसं मी त्याला चमच्यानं विहीर उपसायला सांगितलंय, आणि उठून गेला. पोरगं आळशी नाही हो, त्याच्या त्या ऑनलाइन गेममध्ये तो पण शंभर वेळा मरतोच की. पण तिथं मेला की नवीन डाव नवीन माणसं, इथं मेला की तीच टेकडी. बरं, बनवणाऱ्यांना पण हे कळलं असणार, कारण २००३ ला दुसरा भाग आला त्यात मोजकेच का होईना पण मध्ये सेव्ह दिले.

मुस्तफाचं प्रकरण याच्या उलटं आहे. मुस्तफा म्हणजे 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', हाणामारीचा गेम, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा, पण हे खरं नाव सांगलीत कुणाला माहीत असेल तर त्यानं हात वर करावा. चार हिरो त्यात, त्यातला एक पिवळ्या टोपीचा मुस्तफा, आणि अख्ख्या गेमचं नाव त्याच्यावरून. स्टँडच्या बाजूला व्हिडिओ पार्लर असायचे, अंधारे, दारावर पडदा, घरच्यांनी बघितलं तर फटके. तिथं तो गेम म्हणजे दहशत होती, कारण प्रत्येक जीव म्हणजे खिशातलं कॉइन. तो गेम बनवलाच होता कॉइन खायला, हे काही गुपित नाही, मशीनच्या आतच मालकाला सेटिंग असायचं किती अवघड ठेवायचा त्याचं. बॉस समोर आला की मागं उभी असलेली पोरं पण श्वास धरायची.

आता मोबाईलवर इम्युलेटर टाका, म्हणजे जुन्या मशीनचे गेम चालवणारं ॲप, कॉइनचं बटण दाबा, पाहिजे तेवढे जीव. बसल्या बैठकीला संपतो! काय राहतं मग? बटण बडवायचं, पुढं जायचं, बटण बडवायचं. गेम तोच आहे, एक पिक्सेल इकडचा तिकडं नाही, फक्त खिशातून पैसे जात नाहीत आणि मागं पोरं नाहीत. निम्मा गेम पार्लरमध्येच राहिला, डाउनलोड झाला तो उरलेला निम्मा.

डक हंट तर शब्दशः चालत नाही. तो बदकांचा गेम हो, बंदूकवाला, ज्यातलं कुत्रं हसायचं. आपल्याकडं असायचे ते सगळे चायनीज कॉपी व्हिडिओ गेम, कॅसेटवर '९९९९९९ इन वन' लिहिलेलं आणि आत तेच वीस-पंचवीस गेम फिरून फिरून. माळ्यावर आमचा सापडला, वायरी जोडल्या, नवीन एलईडी टीव्हीवर चित्र पण आलं, बंदूक मात्र मेलेली. आधी वाटलं बंदूकच गेली असेल, मग वाचलं तर मजा आहे. बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही, उलट बंदूक बघत असते. ट्रिगर दाबला की क्षणभर अख्खा स्क्रीन काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आपल्या डोळ्याला नुसतं लुकलुकल्यासारखं वाटतं. नळीतल्या सेन्सरला बरोबर त्याच क्षणी उजेड दिसला तर बदक पडलं. जुना डबा टीव्ही सिग्नल आला की त्याच क्षणी काचेवर चित्र काढायचा म्हणून हे जमायचं. नवीन टीव्ही आधी चित्र आत घेतो, साफसूफ करतो, मग दाखवतो, तेवढ्यात बंदुकीचा क्षण गेलेला असतो. आणि म्हणूनच तेव्हा काचेला नळी टेकवून मारलं की बदक हमखास पडायचं, ज्यावरून माझी आणि माझ्या बहिणीची मारामारी व्हायची.

हा गेम जुना झाला असं मी म्हणणार नाही. तो टीव्हीसोबत गेला.

एज ऑफ एम्पायर्स, तो राज्य उभारून लढाया करायचा गेम, त्याबद्दल मात्र मला भांडायचंय, कारण लोक पहिला आणि दुसरा एकाच दमात भारी म्हणतात. पहिला, १९९७ चा, आज खेळून बघा म्हणजे कळेल. पाच गावकरी पाहिजेत तर पाच वेळा क्लिक करून चालत नाही, एक तयार झाला की परत जाऊन दुसऱ्यासाठी क्लिक करा, तो झाला की तिसरा. रांगच नाही! तुम्ही राजे नाही, तलाठी ऑफिसचे शिपाई. माणसं जास्तीत जास्त पन्नास, आणि ती पन्नास पण एका झाडाला वळसा घालून जाताना एकमेकांत अडकून उभी. शत्रूचा माणूस आपल्यात ओढताना पुजारी म्हणतो ते 'वोलोलो' सोडलं तर त्यात मन रमत नाही आता.

आणि दोनच वर्षांनी, १९९९ ला, त्याच लोकांनी दुसरा भाग काढला, त्यात रांग आली, सैन्याला ओळीत उभं करायची सोय आली, तटबंदीला दरवाजे आले, माणसं दोनशेपर्यंत. आणि तो आजही लोक खेळतात, स्पर्धा होतात, २०१९ ला नव्यानं सजवून आणला तर खाली इंजिन नवं-जुनं काहीही असो, खेळ तोच आहे. २०२३ मध्ये तर मायक्रोसॉफ्टनं पहिल्या भागातली रोमन-बिमन मंडळी उचलून दुसऱ्या भागातच आणून बसवली. त्यांनीच निकाल दिला म्हणायचा. दोन वर्षांचा फरक हो फक्त, तेच ग्राफिक्स जवळजवळ. म्हणून म्हणतो जुनं झालं, जुनं झालं असं नुसतं म्हणू नका, काय जुनं झालं ते बघा.

व्हाइस सिटी, तो शहरभर गुंडगिरी करत फिरायचा गेम, त्यावर मी फार बोलत नाही, मारतील लोक. एवढंच सांगतो, आपण व्हाइस सिटी खेळलोच नव्हतो. आपण चीट कोड, म्हणजे फुकटात सगळं देणारे चोरटे शब्द, टाकून टँक मागवायचो आणि समुद्राच्या कडेनं गाड्या उडवायचो. मिशन खेळायला गेलात की समजतं, मिशनमध्ये मेलात की दवाखान्यातून उठा, बंदुका सगळ्या गेलेल्या, परत विकत घ्या, परत शहरभर गाडी हाणत त्याच माणसाकडं जा, तेच बोलणं ऐका. गेमचा हिरो टॉमी एवढा डॉन पण गुडघाभर पाण्यातून पुढं गेला की खलास, पोहता येत नाही. कृष्णेकाठच्या पोरांना हे तेव्हापण पटलं नव्हतं. आणि ते खेळण्यातलं हेलिकॉप्टर घेऊन बिल्डिंगमध्ये बॉम्ब ठेवायचं मिशन, नमपॅडवर, त्याबद्दल बोलायचंच नाही. (टायमर पहिला बॉम्ब उचलल्यावर सुरू होतो, आधी आतली माणसं पंख्यानं साफ करून घ्या. हे तेव्हा कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.) २०२१ ला रॉकस्टार कंपनीनं नवीन रूपात आणला तो एवढा बिघडलेला होता की त्यांना माफी मागावी लागली, पण गंमत म्हणजे त्यात मिशन फेल झाल्यावर तिथंच परत सुरू करायची सोय होती, म्हणजे बाहेरचा रंग बिघडवला आणि आतलं दुखणं बरोबर ओळखलं.

मारिओवर एक परिच्छेद पण नको खरंतर. १९८५ चा, अख्खा गेम चाळीस केबी, आजच्या मोबाईलमधला एक गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतोय. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकच चित्र, नुसता रंग वेगळा. तरी भाचा, तोच, आयजीआयवरून उठून गेलेला, यावर जेवणाची हाक येईपर्यंत बसला. उडी मारल्यावर हवेत मारिओला थोडा मागंपुढं करता येतो आणि मेलात तर चूक आपली असते हे समजतं, बास, एवढंच लागतं.

राहिला क्रिकेट ०७. हा सगळ्यात वेगळा नमुना. २००६ च्या शेवटी आला आणि ईए कंपनीनं त्यानंतर पीसीवर क्रिकेटचा गेमच काढला नाही, संपला विषय. लायसन्स नसल्यानं आपल्या खेळाडूंची नावं बिघडवलेली. आयपीएल नाही, कारण आयपीएल सुरूच झाली २००८ ला. डीआरएस नाही. एकदा टायमिंग हातात बसलं की पुढं येऊन उचलायचं, प्रत्येक बॉल स्टँडमध्ये, पाच ओव्हरमध्ये दीडशे. मूळ सीडीवरचा गेम आज लावला तर एका संध्याकाळीत कंटाळा येतो.

पण तो मूळ गेम कुणी खेळतच नाही. जगभरातली हौशी पोरं एवढी वर्षं त्याला ठिगळं लावतायत, नवीन जर्सी, नवीन चेहरे, नवीन स्टेडियम, दरवर्षीची आयपीएल. माझे दाजी, वय पन्नास, बाकी कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण नवा पॅच, म्हणजे असलं ठिगळ, आला की मला फोन, "ये की मिरजेला रविवारी, टाकून दे." मग आम्ही बसतो, मध्ये भडंगाची पिशवी, एका कीबोर्डवर दोघं. दाजी हट्टानं राजस्थान घेतात, वैभव सूर्यवंशीला ओपनिंगला पाठवतात आणि पहिल्या बॉलपासून उचलायला लागतात. हे पोरगं जन्मलं २०११ ला, म्हणजे गेम त्याच्यापेक्षा चार वर्षांनी थोरला. कॉमेंट्रीला रिची बेनॉ, जे २०१५ लाच गेले, त्याच चार वाक्यांत त्याचं कौतुक करतात. मी म्हटलं दाजी, जरा ग्राउंड शॉट पण मारा, तर म्हणाले त्या पोराला कुणी सांगितलंय का ग्राउंड शॉट मार म्हणून, बॉल टाक गप.